एक जिना, तीन शाळा

शाळेच्या स्मरणिकेत गुरुजनांविषयी लिहिणारे पुष्कळ असतील, आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील. इमारतीवर कोणी लिहिणार नाही, म्हणून ती मी घेतो.

आपली शाळा महापालिकेची खरी, पण मागचा कौलारू भाग महापालिका इथे पोचण्याच्याही आधीचा. मुंबईची हद्द १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत सरकली आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत. आपण त्या दुसऱ्या खेपेतले. तोवर हा भाग मुंबईच्या हद्दीबाहेर होता आणि शाळा जिल्ह्याच्या बोर्डाकडे, त्यामुळे जुनी माणसं शेवटपर्यंत ‘बोर्डाची शाळा’च म्हणत. पहिली-दुसरी तिथेच भरायची. मंगळुरी कौलांत मधेच एक काचेचं कौल होतं. त्यातून पडलेला उन्हाचा चौकोन शहाबादी फरशीवरून सरकत बाईंच्या टेबलाजवळ आला की सुटायची वेळ झाली, हे घड्याळ न कळणाऱ्यांनाही कळायचं.

पुढची तीन मजली इमारत नंतरची, आरसीसीची. एका बाजूला लांब व्हरांडा, दुसऱ्या बाजूला खिडक्या, आणि सगळ्या वर्गांत बाकं अशी मांडलेली की खिडकी डाव्या हाताला यावी. उजव्या हाताने लिहिताना वहीवर सावली पडू नये, हा त्यामागचा हिशेब. (डावखुऱ्यांचा विचार कोणी केला नव्हता. मी डावखुरा.)

खरी गंमत म्हणजे या इमारतीत शाळा एक नव्हतीच. महापालिका आठ भाषांतून शिकवते. आपल्या वाट्याला त्यातली मराठी, हिंदी आणि गुजराती ही माध्यमं आली होती. तीन शाळा, तीन मुख्याध्यापक, तीन हजेरीपटांची कपाटं आणि जिना एकच. त्यात सकाळ-दुपारची सत्रं. दुपारी आम्ही वर्गात शिरायचो तेव्हा फळ्यावर सकाळच्या गुजराती वर्गाचं गणित तसंच असायचं, कोपऱ्यात ‘भूंसवुं नहीं’ अशी ताकीद. शिरोरेघ नसलेली ती अक्षरं आम्ही कोणी न शिकवता वाचायला लागलो. बाकाच्या कप्प्यात पेन्सिलीचे तुकडे सापडत, कधी चिठ्ठीही. माझ्या जागेवर सकाळी कोण बसतं ते मला कधीच कळलं नाही. अक्षर मात्र माझ्याहून सुबक होतं. घंटा कोणत्या शाळेच्या शिपायाने वाजवायची यावरून होणारी धुसफूस हा वेगळ्या लेखाचा विषय.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरचे वर्ग खालच्या चाळींतल्या माणसांनी भरले होते. बाकं एकावर एक रचून जागा केलेली. मतदान, पोलिओचा डोस, सगळं तळमजल्यावरच्या वर्गांत व्हायचं, तेव्हा हा तळमजला ओळखत नाही असा माणूस वस्तीत सापडणं कठीण.

आता तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, सक्तीचं आहे. आपल्या जिन्याखाली लोखंडी टेकू लागले आहेत, छताच्या सळ्यांना गंज चढून प्लॅस्टर सुटलंय. गुजराती वर्ग पटसंख्येअभावी केव्हाच बंद झाले, मराठीचेही कमी झाले. त्याचा दोष इमारतीला देणाऱ्यांशी मी सहमत नाही. रंग नवा लावला म्हणून आईबाप माध्यम बदलत नाहीत.

नव्या बांधकामाचं बोलणं चालू आहेच. ज्यांच्याकडे कौलारू भागाचे फोटो असतील, वर्गाच्या ग्रुप फोटोत मागे दिसणारे सुद्धा, त्यांनी ते समितीकडे द्यावेत. माझ्याकडे एकच आहे, आणि त्यात निम्मी भिंत मुख्याध्यापकांनी अडवली आहे.