विसार दिल्यावर ‘नको’ म्हणता येतं का?

जुन्या फ्लॅटचा विसार (सौदा पक्का करताना दिलेली रक्कम) दिला, चार दिवसांनी मन बदललं, तर पैसे परत मागायचा हक्क आहे का? कायद्यात नाही. रेरा या घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्याच्या कलम 18 मधला परतावा बिल्डरकडून घेणाऱ्यांसाठी आहे. कोथरूडला मालकाकडून रिसेलचा फ्लॅट घेणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

रिसेलला 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. कलम 55 म्हणतं: घरातला किंवा मालकीतला जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, तुम्हाला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही तुम्हाला सापडला नसता, तो त्याने सांगितलाच पाहिजे. लपवला तर ती फसवणूक.

खोच तिसऱ्या अटीत आहे. बाल्कनी आत घेतलीय, हे मंजूर नकाशा शेजारी ठेवला असता तर दिसलं असतं. सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत 25 जुलै 2024 ला पाणी शिरलं ते तर अख्ख्या पुण्याने पाहिलं. अशा बाबतीत ‘मला सांगितलं नाही’ म्हणून फारसं हाती लागत नाही. गळणाऱ्या स्लॅबखाली मार्चमध्ये नवं पीओपी ठोकलं असेल, तर ती वेगळी गोष्ट. (जुन्या इमारतीतला फ्लॅट जुलै-ऑगस्टमध्येच बघावा. वॉर्डरोब उघडून मागच्या भिंतीला तळहात लावा.)

म्हणून खरं काम विसारपावतीतच होतं. बाजारात मिळणाऱ्या छापील नमुन्यात बऱ्याचदा ‘आहे त्या स्थितीत’ असे शब्द असतात. ते आधी खोडा, कारण कलम 55 ची कर्तव्यं उलट करार असला तर बाजूला पडू शकतात. त्या जागी असं लिहून घ्या: ‘गळती, स्ट्रक्चरल दुरुस्तीची नोटीस, कर्ज, वारसांचा वाद, सोसायटीची थकबाकी यांपैकी काहीही नाही. खरेदीखतापूर्वी यांतलं काही निघालं किंवा बँकेने कर्ज नाकारलं, तर पूर्ण रक्कम 15 दिवसांत परत.’ मालक सही करायला कां कूं करू लागला, तर तेही उत्तरच आहे.

रकमेचं नावही बघा. ‘विसार’ म्हणून दिलेली वाजवी रक्कम तुम्ही स्वतःहून मागे फिरलात तर जप्त होऊ शकते. किमतीपोटी दिलेली आगाऊ रक्कम सहसा तशी जप्त करता येत नाही. तेव्हा विसार लहान ठेवा, बाकीचे पैसे ‘किमतीपोटी’ असं लिहून द्या. सगळं चेकने किंवा ऑनलाइन; 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे.

इंडेक्स 2, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा, नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर शोधता येतो. सोसायटीकडून मात्र नुसती एनओसी घेऊ नका. थकबाकी, गळतीच्या तक्रारी आणि पुनर्विकासाचा ठराव, या तिन्हींबद्दल लेखी मागा.

विकणाऱ्याच्या चुकीने व्यवहार फिसकटला, तर दिलेल्या रकमेचा बोजा, म्हणजे वसुलीचा हक्क, त्या मालमत्तेवर राहतो. कोर्टात खरेदीखत करून मागितलंत, तर पर्याय म्हणून विसाराचा परतावाही त्याच दाव्यात स्पष्ट मागावा लागतो. न मागितलेला परतावा कोर्ट आपणहून देत नाही. अशा दाव्याची मुदत 3 वर्षं: करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून.