चोरटा करंट सापडला, शिट्टी अजून बाकी

मागच्या नोंदीत गाडीच्या तीन कटकटी लिहिल्या होत्या. तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, डावा इंडिकेटर मधूनच पळत सुटतो, आणि गाणी लावली की स्पीकरमधून इंजिनाबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू येते. या आठवड्यात पहिली पूर्ण मिटली, दुसरी अर्ध्या तासात मिटली, तिसरी बरीचशी. गाडी माझ्याकडे आली तेव्हाच तिच्यात बाहेरचा स्टिरिओ, सीटखाली अँप्लिफायर, एलईडी इंडिकेटर आणि डॅशकॅम बसवलेला होता. कुठली तार कुठून घेतली याची काहीच नोंद नाही, त्यामुळे एकेक तार नव्याने ओळखावी लागतेय.

बॅटरी नवीच आहे. चार्ज करून टर्मिनल काढून ठेवली तर दुसऱ्या दिवशीही १२.६ व्होल्ट दाखवते. म्हणजे पाणी गाडीतच कुठेतरी मुरत होतं.

निगेटिव्ह टर्मिनल काढलं आणि मल्टिमीटर १० अँपियरच्या रेंजवर ठेवून बॅटरी आणि त्या तारेच्या मध्ये जोडला. इथे घाई केली की आकडा फसवतो. जोडणी होताच गाडीतले सगळे कंट्रोल युनिट एकदम जागे होतात; मला सुरुवातीला २.३ अँपियर दिसत होते. दाराची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलली, म्हणजे दार उघडं असलं तरी गाडीला ते लागलेलं वाटतं. बॉनेटच्या लॅचचंही तसंच केलं, चावी लांब नेऊन ठेवली आणि ४० मिनिटं गाडीला हात लावला नाही. मीटर मध्ये असताना चुकूनही स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज तिथल्या तिथे जातो.

४० मिनिटांनी आकडा ०.३८ अँपियरवर थांबला आणि तिथून हलेना. झोपलेल्या गाडीला साधारण ०.०२ ते ०.०५ पुरतात. ०.३८ म्हणजे दिवसाला ९ अँपियर-तास. माझी बॅटरी ४५ अँपियर-तासांची, तीन दिवसांत २७ गेले की ती निम्म्याखाली येणारच. हिशेब लक्षणांशी जुळला तेव्हा फार बरं वाटलं. आता हाच ०.३८ कुठून जातो एवढंच शोधायचं होतं.

बरेच जण इथे एकेक फ्यूज उपटत जातात. मी ते टाळतो, कारण फ्यूज काढून परत घातला की झोपलेलं युनिट जागं होतं आणि पुन्हा ४० मिनिटं थांबावं लागतं. त्यापेक्षा दुसरा मीटर मिलीव्होल्टवर ठेवायचा आणि फ्यूजच्या डोक्यावर जे दोन धातूचे ठिपके उघडे असतात त्यांवर टोकं टेकवायची. करंट वाहत असेल तर तिथे थोडासा का होईना व्होल्टेज ड्रॉप दिसतोच. १० अँपियरच्या छोट्या फ्यूजचा रोध ७-८ मिलीओहम धरला तर ०.३ अँपियरला दोनेक मिलीव्होल्ट यायला हवेत.

डॅशबोर्डखालचा डबा झाला, बॉनेटखालचा झाला. कुठेच काही नाही. दोन फ्यूजवर अगदी किरकोळ आकडा, बाकी सगळीकडे शून्य, आणि बॅटरीवरच्या मीटरवर ०.३८ तसेच उभे. तासभर मी त्याच फ्यूजवरून पुन्हा पुन्हा फिरत होतो. मग लक्षात आलं की करंट फ्यूजच्या डब्यातून जातच नसेल तर तिथे दिसणार कसा? बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट निघणारी एक जाड लाल तार होती, अँप्लिफायरची, स्वतःच्या वेगळ्या फ्यूजसकट. तो फ्यूज काढला आणि आकडा ०.०३ वर आला.

सीटखाली हात घातला तर अँप्लिफायर कोमट लागला. गाडी आदल्या रात्रीपासून बंद होती, आणि आवाज येत नसल्यामुळे तो जागा असल्याचा संशयच आला नव्हता.

अँप्लिफायर चालू-बंद होतो तो रिमोटच्या बारीक तारेवर. स्टिरिओ चालू असेल तेव्हा त्याच्या निळ्या-पांढऱ्या तारेवर १२ व्होल्ट येतात आणि ते मिळाले की अँप्लिफायर जागा होतो. स्टिरिओ बाहेर ओढला. रिमोटची तार तिथपर्यंत आली होती, पण जोडली होती पिवळ्या तारेला, जिला चावी काढल्यावरही पुरवठा असतो. जोड निळ्या प्लॅस्टिकच्या दाबून बसवायच्या क्लिपचा. क्लिप उघडली तर पात्याने पिवळ्या तारेचे अर्धे धागे कापलेले, उरलेल्या तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर, आणि नखाने खरवडला की त्याची भुकटी पडत होती. स्टिरिओचा मुख्य पुरवठा याच उरलेल्या धाग्यांवर चालला होता. ही क्लिप मी यापुढे गाडीत ठेवणार नाही, कुठल्याही तारेवर नाही. पिवळी तार चांगल्या भागापर्यंत कापली, क्रिंप केली म्हणजे धातूची नळी दाबून जोडली, वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवली, आणि रिमोट तिच्या हक्काच्या निळ्या-पांढऱ्या तारेवर नेली.

तिथेच शेजारी स्टिरिओची निळी तार टेप गुंडाळून सोडून दिलेली दिसली. ही अँटेनाच्या बूस्टरला पुरवठा देते. एफएमवर फक्त जवळची स्टेशनं लागायची, आणि मी दोष अँटेनाला देत होतो. तार बूस्टरला जोडली आणि खरखरणारी स्टेशनं स्वच्छ लागली. हे अनपेक्षित मिळालं, आणि आठवड्यातला सगळ्यात मोठा आनंद याचाच आहे.

इंडिकेटरचं थोडक्यात. मूळचा २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपियर घेतो, एलईडी त्याच्या कितीतरी कमी. गाडीला वाटतं बल्ब गेला, म्हणून ती उघडझाप वाढवते. तसं होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना ६ ओहमचे रेझिस्टर लावलेले होते. डाव्याचा जोड सैल होता, म्हणून तो मधूनच पळायचा. जोड घट्ट करून भागलं असतं. पण रेझिस्टर डिकीच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर दुहेरी टेपने चिकटवलेला, आणि त्याच्याखाली अस्तर तपकिरी पडून मऊ झालेलं. १२ व्होल्टला तो पेटलेल्या वेळात २४ वॉट उष्णता टाकतो, इंजिन चालू असताना १४ व्होल्टला जवळपास ३३. असा तुकडा प्लॅस्टिकवर नको, पत्र्यावर स्क्रूने हवा. मी दोन्ही रेझिस्टर आणि एलईडी काढून साधे बल्ब परत लावले. एलईडीचा झटका दिसायला छान असतो, पण मला डिकीत तापणारी वस्तू नको.

आता शिट्टी. इंजिन बंद असताना नाही, आरपीएमबरोबर चढते, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची. अँप्लिफायरच्या मागच्या आरसीए तारा, म्हणजे स्टिरिओकडून गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या, काढल्या की गप्प. मग गाणी चालू ठेवून अँप्लिफायरच्या ग्राउंडपासून (त्याची निगेटिव्ह तार, जी गाडीच्या पत्र्याला जोडतात) बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजलं. ०.२८ आलं. मी ०.१ च्या खाली असेल तरच चांगलं मानतो. ग्राउंडची तार सीटच्या बोल्टखाली रंगावरच आवळलेली होती. शेजारच्या दुसऱ्या बोल्टपाशी पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकून तिथे आवळली, वरून ग्रीस लावलं. आता ०.०४.

शिट्टी इतकी खाली गेली की गाणं चालू असताना ऐकू येत नाही. आवाज शून्यावर आणून २००० आरपीएमला धरलं की मात्र अजून बारीक सूर लागतो. आरसीए तारा पुढून मागपर्यंत जाड लाल तारेला चिकटून आल्या आहेत, मला संशय त्याचाच आहे. आरसीए तारांच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (असा सूर अडवणारा छोटा डबा) लावून सूर दाबता येईल, पण स्वस्त आयसोलेटरमध्ये खालचा बेस पातळ होतो, म्हणून तो नको. डाव्या बाजूची सिल ट्रिम (दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी) काढून ठेवली आहे, आरसीए त्या बाजूने न्यायच्या आहेत. लाल तार उजवीकडेच राहील. ट्रिमच्या दोन क्लिपा तुटल्या आहेत, त्या आल्या की बसवतो आणि पुन्हा २००० ला धरून ऐकतो.