तुम्ही विचारलंत म्हणून : बाहेर पडायचं बळ कुठून आलं?

लग्नाकार्यात, एसटीत, कधी ऑफिसात डबा खाताना बायका मला विचारतात, "अकरा वर्षं नवऱ्याचा मार सोसलात, मग एकदम बाहेर पडायचं बळ कुठून आणलंत?" विचारताना जिचा आवाज खाली येतो, तिच्याकडे मी नीट बघते. काही जणी माझ्याबद्दल विचारत असतात, काही स्वतःबद्दल.

एकदम काहीच घडलं नाही. मी तीनदा घर सोडलं आणि दोनदा परत गेले.

पहिल्यांदा माहेरी गेले. आईनं दंडाला हळद लावली, जवळ घेऊन झोपवलं, आणि नवव्या दिवशी भाऊ मला परत सोडायला निघाला. वाटेत म्हणाला, "ताई, जरा सांभाळून घे." तो वाईट नव्हता, आजही नाही. पण त्याच्या दोन वर्षं आधी, वडील गेल्यावर, मी हक्कसोडपत्रावर सही केली होती. "माहेर काय कुठं पळून जातंय?" असं तेव्हा सगळेच म्हणाले होते, आणि मी आनंदानं सही केली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान वाटा देणारा कायदा महाराष्ट्रात 1994 मध्ये आला, देशभर 2005 मध्ये. तरी आमच्याकडे वाटा मागणारी बहीण म्हणजे माहेर तोडणारी. वाटा सोडला की माहेर टिकतं म्हणतात. माझं नऊ दिवस टिकलं. सातबाऱ्यावर नाव असतं, तर त्या घराच्या एका खोलीत मी मान वर करून राहिले असते.

हे फक्त माझं रडगाणं नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात बीना अगरवाल आणि प्रदीप पांडा या संशोधकांनी विवाहित बायकांचा अभ्यास केला होता. ज्यांच्या नावावर ना जमीन ना घर, त्यांच्यातल्या 49 टक्के बायकांनी नवऱ्याचा मार खाल्ला होता. जमीन आणि घर दोन्ही असणाऱ्यांत हे प्रमाण होतं 7 टक्के. हा आकडा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्यांदा मी रात्री पोलीस ठाण्यात गेले. "घरातलं भांडण आहे, मिटवून घ्या" म्हणाले, नवऱ्याला बोलावलं, समज दिली आणि दोघांना एकाच रिक्षात बसवून पाठवलं. त्या रात्रीचं मी लिहीत नाही. पण ठाण्याच्या पायरीवर एक महिला शिपाई हळूच म्हणाली होती, "संरक्षण अधिकाऱ्याला भेट. महिला व बालविकास खात्याचं ऑफिस विचार." ते शब्द मी घेऊन आले.

आणि मग आक्का. आमच्या गल्लीत ब्लाउज शिवायच्या. माप घेताना टेप दंडाभोवती फिरवायच्या, आणि दंडावरचं निळं-पिवळं त्यांना दिसायचंच. पहिल्या वेळी काही बोलल्या नाहीत, न सांगता बाह्या कोपरापर्यंत शिवल्या. दुसऱ्या वेळीही तसंच. तिसऱ्या वेळी टेप गळ्यात टाकून म्हणाल्या, "आता बाह्या मनगटापर्यंत न्यायच्या का, पोरी?" मी रडले. त्यांनी मला रडू दिलं, मशीन चालू ठेवलं, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये. मग एकच प्रश्न विचारला : "कागद कुठं हाईत तुझे?"

कागद नवऱ्याच्या कपाटात होते. पुढचे चौदा महिने मी एकेक कागद बाहेर काढला. मुलीला शाळेत सोडायला जाताना झेरॉक्स काढायची आणि मूळ कागद दुपारपर्यंत जागेवर. लग्नाच्या नोंदणीचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, आधार, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, दागिन्यांच्या पावत्या. फाईल आक्कांच्या अस्तराच्या कापडांखाली. त्यांच्या दुकानात पिग्मीवाला यायचा. त्याच्याकडे माझ्या नावानं रोजचे 20 रुपये. वर्षाला 7,300. एवढ्यात काय होतं, असं कुणी म्हणेल. खोलीचं डिपॉझिट झालं.

संरक्षण अधिकारी बाईंनी माझा घटना अहवाल लिहून घेतला. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं मला काय मिळतं, हे त्यांनीच सांगितलं : घर कुणाच्याही नावावर असो, मला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, संरक्षणाचा आदेश, खर्च, मुलीचा तात्पुरता ताबा, सगळं एकाच अर्जात मागता येतं, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. ऐकताना मला रागच आला. हे सगळं इतकी वर्षं होतं, आणि लग्नात मला पातेल्यांची यादी देणाऱ्या एकानंही हे सांगितलं नव्हतं.

तिसऱ्यांदा निघाले ती मंगळवारी सकाळी, मुलीला शाळेत न्यायच्या वेळेला. कुणाला सांगितलं नाही. हे मी प्रत्येकीला बजावते : "आता मी जाणार" असं भांडणात कधी बोलू नका. बाई निघते आहे असं कळतं, तेव्हाच तिच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका असतो. फोनचं लोकेशन बंद करा, पासवर्ड बदला, आणि घाई असेल तर 112 (पोलीस) किंवा 181 (महिला हेल्पलाइन) लावा.

पुढचं सोपं नव्हतं. पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लागावा, असं कायदा म्हणतो. मला दीड वर्ष लागलं. मुलगी रात्री दचकून उठायची. मलाही दोनदा वाटलं, परत जावं. खरं सांगते, त्याची आठवण यायची. अशी आठवण येणाऱ्या बाईला कृपा करून नावं ठेवू नका. तेवढ्यासाठीच पुष्कळ जणी गप्प बसतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितलेल्या होत्या फक्त 14 टक्के.

तर बळ कुठून आलं? शिपाईबाईचं एक वाक्य, आक्कांची अस्तरं, रोजचे वीस रुपये. मी फक्त ते गोळा करत गेले.

माझ्या कपाटात सध्या अशा दोन फायली आहेत. एक जण मार्चमध्ये येऊन आपली घेऊन जाणार आहे. दुसरी अजून घरीच आहे. दोन-तीन महिन्यांनी येते, चहा घेते, एखादा कागद आत सरकवते आणि पाच वाजायच्या आत परत जाते. "कधी निघणार?" असं मी तिला विचारत नाही.