एकाच महिन्यातल्या दोन अफवा

निर्वासितांवरून फेसबुकवर जुंपली की मला बर्लिनमधला जानेवारी २०१६ आठवतो. तेव्हा मी मोआबीट भागात राहत होते. तिथल्या टुर्मस्ट्रासेवर 'लागेझो', म्हणजे राज्याचं आरोग्य आणि समाजकल्याण खातं. २०१५ साली जर्मनीत जवळपास नऊ लाख माणसं आश्रयाला आली. त्यांतल्या बर्लिनच्या वाट्याला आलेल्यांचे कागद, पैसे, दवाखान्याची चिठ्ठी, सगळं या खात्याच्या हातात. लोक अंधार असतानाच रांगेत येऊन उभे राहायचे आणि दिवस संपला तरी नंबर लागायचा नाही.

मी शनिवारी कपडेवाटपाला जायचे. लोकांनी बूट भरभरून दिले होते, पण बहुतेक ४४ आणि ४५ नंबरचे. येणाऱ्या सीरियन मुलांना हवे असायचे ४०, ४१. एक पोरगा मोज्यांवर मोजे चढवून ४५ नंबरच्या बुटांत पाय कोंबत होता. 'चालेल, चालेल' म्हणत दोन पावलं टाकली आणि टाच बाहेर. त्याला मापाचा जोड मिळेपर्यंत मी अख्खं खोकं उपसलं.

कोलोन शहरातल्या नववर्षाच्या रात्रीमुळे वातावरण आधीच तापलेलं होतं. स्टेशनच्या परिसरात शेकडो बायकांवर हात टाकला गेला होता, संशयितांत बरेच परदेशातून आलेले होते, ते खरंच घडलं होतं, आणि आमच्या बाजूचे, म्हणजे निर्वासितांना मदत करणारे, काही लोक त्यावर मूग गिळून बसले हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

मग बर्लिनच्याच मार्त्साहान भागातली तेरा वर्षांची, रशियन-जर्मन घरातली एक मुलगी दिवसभराहून जास्त वेळ बेपत्ता झाली. परक्या दिसणाऱ्या माणसांनी पळवून नेऊन अत्याचार केला, असं तिने परत आल्यावर सांगितलं. रशियन टीव्हीने ते उचललं, जर्मनीच्या सरकारप्रमुखाच्या, म्हणजे चॅन्सेलरच्या, कार्यालयासमोर शेकडो लोक जमले, खुद्द रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव बोलले. मोबाइलच्या नोंदींवरून निघालं ते असं: त्या रात्री ती ओळखीच्या एका मुलाकडे होती.

त्याच महिन्याच्या शेवटी एका स्वयंसेवकाने फेसबुकवर लिहिलं की लागेझोच्या रांगेत दिवसेंदिवस थांबलेला २४ वर्षांचा सीरियन तरुण तापाने गेला. लोकांनी दारात मेणबत्त्या लावल्या. संध्याकाळपर्यंत कळलं की असा तरुण नव्हताच. लिहिणाऱ्याने पोलिसांकडे कबूल केलं.

ही दुसरी अफवा मला जास्त लागली, कारण ती आमच्यातून निघाली होती. रांग खरी होती, थंडी खरी होती, आजारी माणसं खरी होती. त्यात एक मेलेला माणूस घालायची काय गरज होती? दुसऱ्या दिवसापासून खऱ्या आजाऱ्याबद्दल काही लिहिलं तरी खाली तयार उत्तर यायचं: हाही खोटाच असेल.

इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिली अफवा फॉरवर्ड करणारे काका आणि दुसरीवर रडक्या इमोजी टाकणारी ताई एकमेकांशी बोलेनासे झाले. खुलासा मात्र दोघांपैकी कुणीच टाकला नाही. मी टाकला, तर दोघेही माझ्यावर नाराज.

अनास मोदामानीचं प्रकरण तर याहून वाईट. सप्टेंबर २०१५ मध्ये बर्लिनच्या श्पांडाऊ भागातल्या निवाऱ्यात तेव्हाच्या चॅन्सेलर मेर्केलबाईंबरोबर सेल्फी काढणारा हा सीरियन मुलगा. २०१६ मध्ये ब्रुसेल्सला बॉम्बस्फोट झाले आणि तोच फोटो 'मेर्केलबरोबरचा दहशतवादी' म्हणून फिरला. डिसेंबरात बर्लिनच्या नाताळ बाजारात ट्रक घुसवला गेला, तेव्हा पुन्हा. त्याने फेसबुकविरुद्ध वुर्ट्सबुर्गच्या न्यायालयात दावा लावला. मार्च २०१७ मध्ये तो फेटाळला गेला: असा मजकूर फेसबुकने स्वतःहून शोधून काढावा, अशी सक्ती करता येत नाही.

उघड बेकायदेशीर मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत हटवण्याचा, नाहीतर पाच कोटी युरोंपर्यंत दंडाचा कायदा त्याच वर्षी झाला. तोवर आपल्या चेहऱ्याची एकेक प्रत हुडकून तक्रार करत बसायचं काम एकोणीस वर्षांच्या त्या मुलाचं. मला याचा आजही संताप येतो.