जुन्या पितळी पंपाचा दम परत आणताना

पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली, की सायकलमध्ये हवा भरायचा उभा पंप कुठे ना कुठे पडलेला असतोच. बिडाचा दोन पायांचा तळ, सव्वा इंची पितळी नळी, वर लाकडी मूठ. विकणारा मूठ दोनदा वरखाली करून दाखवतो आणि म्हणतो, "बघा साहेब, चालू आहे." मूठ हलली म्हणजे पंप चालू, हे काही खरं नाही. मी आधी नळीवर बोटं फिरवतो आणि तिरक्या उजेडात पोचे शोधतो. मग दांडा पूर्ण वर ओढून तो सरळ आहे का ते बघतो. शेवटी हवेचं तोंड अंगठ्याने दाबून मूठ खाली रेटतो. मूठ अडून उसळली तर उत्तम. हळूहळू खाली बसली किंवा फुसकन गेली, तरी पंप ठेवून द्यायचं कारण नाही, कारण दट्ट्यावरचा चामडी वायसर नवा करता येतो. नळीला खोल पोचा असेल किंवा लोखंडी नळी आतून गंजून खड्डे पडले असतील, तर मात्र तो पंप शोभेचाच.

वरची टोपी आट्यांची असते, ती सुटली की दांड्यासकट दट्ट्या बाहेर येतो. तळ शक्यतो उघडू नये. उघडावाच लागला तर पाइप पान्हा थेट नळीवर लावायचा नाही, पितळ पातळ असतं आणि नळी अंडाकृती होते. आट्यांवर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवावं. दुसऱ्या दिवशी नळीत बर्फाचे तुकडे भरावेत, बाहेरून बिडाच्या तळावर कढत पाणी ओतावं आणि नळीला सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळून हाताने पिळावं. पितळ बिडापेक्षा जास्त प्रसरण आणि आकुंचन पावतं. नळी आत आणि बीड बाहेर अशी रचना असताना सगळंच तापवलं, तर सांधा सुटायच्या ऐवजी आवळतो. लोखंडी नळीवर पितळी टोपी असेल तर हिशोब उलटा: तिथे सरळ गरम पाणी ओतावं.

नळी आतून साफ करायला काठीला चिंधी बांधून रॉकेल. जुनं तेल डिंकासारखं चिकटलेलं असतं, ते दोन-तीन चिंध्यांत निघतं. शेवटची चिंधी कोरडी हवी. पितांबरी किंवा चिंच-मीठ बाहेरून लावा, नळीच्या आत नको: पावडरचे कण उरले तर ते चामड्यात रुततात आणि प्रत्येक फेरीला नळी घासतात. उथळ पोचा काढायला नळीच्या आतल्या मापापेक्षा किंचित कमी जाडीचा गुळगुळीत गोल गज लेथवर करून घ्यायचा, तो आत सरकवायचा आणि बाहेरून लाकडी हातोडीने हलके ठोकत पोच्याच्या कडेकडून मध्याकडे यायचं. हे हाताला जमत नसेल तर कसब्यातली तांबट आळी आहेच. पातळ पितळ आणि तांबं ठोकण्यात तिथल्या कारागिरांचे हात पिढ्यानपिढ्या तयार आहेत.

आता वायसर. पंपाचा सगळा जीव या वाटीच्या आकाराच्या चामड्यात आहे, त्याला बकेट वायसर म्हणतात. वाटीचं तोंड खाली. मूठ दाबली की कोंडलेली हवा वाटीची कड नळीला चिकटवते आणि गळती थांबते. मूठ वर ओढली की कड आत दबते आणि वरची हवा तिच्या बाजूने खाली उतरते. झडप आणि दट्ट्या दोन्ही कामं हे एकच चामडं करतं.

तयार वायसर सायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतात, पण विकत घेण्यापूर्वी कापलेली कड बघा. कापलेल्या कडेत निळसर करडा रंग दिसला तर ते क्रोमने कमावलेलं चामडं. ते मऊ असतं, पण ओलं करून दिलेला आकार धरत नाही आणि वाटी थोड्याच दिवसांत ढिली पडते. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं आतपर्यंत एकसारखं तपकिरी असतं. कोल्हापुरी चपला याच चामड्याच्या, म्हणून ती करणाऱ्याकडून 2 मिलिमीटर जाडीचा तुकडा मागून आणणं सगळ्यात सोपं. तळव्याचं जाड चामडं चालत नाही.

सव्वा इंची म्हणजे साधारण 32 मिलिमीटरच्या नळीसाठी मी 44 मिलिमीटरची चकती कापतो. सागाच्या फळीला 32 चं भोक आणि 28 चा लाकडी ठोकळा, हा झाला साचा. 28 का, तर 32 मधून चामड्याची दोन्ही बाजूंची जाडी वजा. चकती कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायची. पाणी कढत घेतलं तर चामडं आक्रसून कडक होतं आणि मग ते कशानेच सुधारत नाही. भिजलेली चकती भोकावर ठेवून ठोकळ्याने हळू दाबायची आणि साच्यातच सावलीत वाळू द्यायची. एप्रिलच्या पुण्यात एका रात्रीत वाळते. जुलैत पंख्याखाली दोन दिवस धरा. वाळल्यावर भिंत साधारण 7 मिलिमीटर ठेवून कापायची आणि कड आतल्या बाजूने तिरकी सोलून पातळ करायची. मधलं भोक शेवटी, नाहीतर दाबताना ते ओढलं जातं.

पुढचा प्रश्न तेलाचा, आणि इथे लोक हाताला लागेल ते ओततात. इंजिन ऑइल आणि ग्रीस नको, कारण पंपातून तेलाचे थेंब हवेबरोबर टायरकडे जातात आणि खनिज तेलाने रबर फुगून खराब होतं: आधी पंपाची नळी, मग व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी. जवसाचं तेल हवेत सुकून कडक पापुद्रा धरतं. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे डिसेंबरातल्या सकाळी पंप ढिम्म हलत नाही. गोडेतेल खवट होऊन चिकटतं. उरतं एरंडेल. ते सुकत नाही, गोठत नाही आणि साध्या रबराला त्रास देत नाही. वाटीभर एरंडेल किंचित कोमट करून वायसर रात्रभर त्यात ठेवायचा, सकाळी पुसायचा. जोडताना नळीत चार-पाच थेंब पुरे.

जोडणीत वायसरच्या वर आणि वाटीच्या आत बसणाऱ्या धातूच्या चकत्यांची मापं चुकली तर चांगला वायसरही वाया जातो. वरची चकती नळीपेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर लहान हवी, नाहीतर दाबाने वाटीचा कोपरा वर फुगतो आणि फाटतो. वाटीतली चकती मात्र 24 च्या आसपास ठेवा. ती मोठी झाली तर कडेला आत दबायला जागा उरत नाही आणि मूठ वर ओढताना पंप मागे खेचतो. अशा वेळी लोक वायसर घट्ट झालाय समजून कड तासतात आणि पंप घालवतात. नट आवळून वर दुसरा नट बसवावा.

मूठ दाबून सोडल्यावर आपोआप वर येत असेल तर दोष तळाच्या झडपेत आहे. तिथे स्प्रिंगवर एक छर्रा असतो. हवेतलं पाणी तळाशी साचून तो गंजतो. पाव इंची छर्रा असेल तर तो मागच्या चाकाच्या हबचाच, कुठल्याही सायकल दुकानात मिळतो. नवा टाकण्याआधी जुना छर्रा बैठकीवर ठेवून पितळी सळईने एकच टोला द्यावा, बैठक नीट गोल होते. मग नवा बसवावा. सगळ्याच पंपांत ही झडप नसते. ती नसेल तर रबरी नळी गरजेपेक्षा लांब लावू नये, तिच्यात कोंडलेली हवा दर फेरीला परत येते.

फ्रेमला अडकवायचे सेल्युलॉइडचे छोटे पंप हा वेगळा प्रकार. कॉव्हेंट्रीजवळच्या वोल्स्टनमधल्या ब्लुमेल्सचे त्यांत प्रसिद्ध. वायसरचं तत्त्व तेच, माप लहान. पण सेल्युलॉइड झटकन पेटतं आणि अ‍ॅसिटोनने विरघळतं, म्हणून साबणाचं पाणी आणि मऊ फडकं याच्या पुढे जाऊ नये. पिवळा पडून बारीक चिरा गेलेला, उग्र वासाचा पंप बंद डब्यात निकेलच्या भागांशेजारी ठेवू नका. त्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या धातूला खाते. निकेलला पितांबरीही नको, मुलामा पातळ असतो आणि खालचं पितळ उघडं पडतं. निकेलची झाक पिवळसर आणि क्रोमची निळसर. क्रोमचा मुलामा 1920 च्या दशकाच्या शेवटी बाजारात आला, त्यामुळे मूळ मुलामा असेल तर पंपाचं वय ओळखायलाही ही झाक उपयोगी पडते.

पंप जमला की नाही हे फेऱ्या मोजून कळतं. 28 × 1½ इंची टायरट्यूबमध्ये अंदाजे 2.4 लिटर जागा असते. 45 पाउंड दाबाला त्यात साधारण साडेसात लिटर बाहेरची हवा कोंबावी लागते. 32 मिलिमीटरची नळी आणि 40 सेंटिमीटरचा दट्ट्याचा प्रवास म्हणजे एका फेरीला 320 घनसेंटिमीटर, म्हणून हिशोबाने 23-24 फेऱ्या. प्रत्यक्षात तिशीच्या आत काम झालं तर वायसर पक्का. पस्तीसच्या पुढे गेलं तर पंपाचे सांधे आणि नळी साबणाच्या पाण्यात बुडवून बुडबुडे बघावेत. शेवटच्या फेऱ्यांना मुठीवर साधारण 25 किलोचा भार येतो, म्हणून बारीक अंगाच्या माणसाने सव्वा इंचीपेक्षा जाड नळीच्या पंपाच्या फंदात पडू नये.

पावसाळ्यात वायसरवर बुरशी धरते. जूनच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा टोपी काढून पुसून घ्यावा, एरंडेलाचे दोन थेंब सोडावेत आणि पंप उभा ठेवावा.