पित्तावर काय घेता?

"पित्तावर काय घेता हो तुम्ही आता?" आठवड्यातून एकदा तरी मला हे कुणी ना कुणी विचारतंच. लेडीज डब्यातल्या मैत्रिणी विचारतात, जाऊबाई फोनवर विचारतात, सोसायटीतल्या काकू जिन्यात थांबवून विचारतात. सहा वर्षं माझ्या पर्समध्ये गोळ्यांची पाकिटं असायची आणि आता ती नसतात, हे सगळ्यांनी पाहिलंय. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखाद्या चूर्णाचं नाव हवं असतं. ते माझ्याकडे नाही. माझं उत्तर लांबलचक आहे, जिन्यात उभ्या उभ्या सांगता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट बसून लिहिते.

आधी त्रास काय होता ते सांगते. वय एक्केचाळीस. रात्री दीड-दोनच्या सुमाराला आंबट-कडवट पाणी घशाशी येऊन जाग यायची. छातीच्या मधल्या हाडामागे आग पडलेली असायची. उठून बसलं की जरा उतार पडायचा, आडवं झालं की पुन्हा तेच. मग मी स्वयंपाकघरात ओट्याला पाठ टेकून फरशीवर बसायची आणि तिथेच डुलकी काढायची. पाचला गजर. आवाज घोगरा, तोंड आंबट, आणि त्यावर रिकाम्या पोटी कडक चहा.

एका डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. पंधरा दिवसांसाठीच दिली होती, मी ती सहा वर्षं परस्पर दुकानातून आणत राहिले. कशी घ्यायची ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जळजळ सुरू झाली की घ्यायची, कधी जेवल्यावर, कधी रात्री अकराला. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गटातल्या गोळ्या जठरातले आम्ल सोडणारे पंप बंद करतात, आणि ते पंप खाणं सुरू झालं की कामाला लागतात. म्हणून गोळी नाश्त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी पोटात गेलेली हवी. मी आग लागल्यावर घेत होते.

शेवटी दुर्बिणीची तपासणी झाली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला थोडी सूज, बाकी काही नाही. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मी काय खाते ते आधी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "रात्री जेवता किती वाजता?"

"सव्वादहा, साडेदहा."

"आणि झोपता?"

"अकराला."

त्यांनी माझ्याच रिपोर्टच्या पाठीमागे जठराचं चित्र काढलं. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूचं एक कडं असतं. घास खाली उतरला की ते मिटतं. जठराला आतून आम्ल सोसणारं अस्तर असतं, अन्ननलिकेला तसं नसतं, म्हणून तिथे आम्लाचे चार थेंब आले तरी आग होते. पोट तट्ट भरलं की ते कडं अधूनमधून ढिलं पडतं. आपण बसलेलो असलो तर वर आलेलं पुन्हा खाली उतरतं. आडवे असलो तर तसंच पसरतं. भरलेलं पोट रिकामं व्हायला तीन-चार तास लागतात, तळलेलं-तुपकट असेल तर जास्तच. मी तर जेवणानंतर पाऊण तासात आडवी होत होते, तेही रोज.

रात्री साडेदहाला जेवायला मला काही हौस नव्हती. ऑफिस फोर्टात, घर डोंबिवलीला. सव्वासातची गाडी धरली की घरात पाऊल पडेपर्यंत पावणेनऊ. मग कुकर, भाजी, पोळ्या. सासूबाईंना गरम पोळी, मग लेक आणि हे, आणि सगळं आवरता आवरता शेवटी मी. पातेल्यात राहिलेला भात, तळाची भाजी, टाकवत नाही म्हणून तेही ताटात. दिवसभराचं सगळ्यात मोठं जेवण मी दिवसाच्या अगदी शेवटी, दमलेल्या अंगाने, भराभर गिळत होते. पंगतीत आपण एकमेकांना "सावकाश होऊ द्या" म्हणतो. स्वयंपाक करणाऱ्या बाईला तिच्या घरात हे कोण म्हणतं? माझ्या ओळखीत रात्री छाती जळणाऱ्या जितक्या बायका आहेत, त्यातल्या बहुतेक घरात शेवटी जेवतात. हे मला फार लागतं आणि म्हणूनच मी हा विषय सोडत नाही.

तर पहिला बदल ताटात नाही, घरात करावा लागला. एका रविवारी सगळ्यांना बसवून सांगितलं की मी आता नऊनंतर जेवणार नाही. कणीक सकाळीच मळून ठेवायची. हे ठाण्याहून सव्वासातला येतात, तर कुकर त्यांनी लावायचा. आठवड्यातून दोन दिवस पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून. महिना-दीड महिना कुरबुर झाली, नाही असं नाही. सासूबाईंना बाहेरची पोळी चिवट लागायची. मग त्याच म्हणाल्या, मला भातच दे रात्री, मलाही हलकं वाटतं.

माझी सोय मी अशी केली. डब्यात दोन भाकऱ्या नेते. दुपारी पोटभर जेवते, आणि सहा वाजता, ऑफिसातून निघायच्या आधीच, उरलेली अर्धी भाकरी आणि दुधी, पडवळ, दोडका असं काहीतरी खाऊन घेते. कधी गाडीत खाते. समोरची मेथी निवडत असते आणि मी भाकरी खात असते, कुणाला त्याचं काही वाटत नाही. घरी आल्यावर एक वाटी मऊ खिचडी नाहीतर ताकभात, बस्स. मग शतपावली, तीही खरंच चालायची. आमच्या गच्चीवर दहा-बारा फेऱ्या होतात.

पथ्याचं म्हणाल तर मी आधी एक वही केली. तीन आठवडे काय खाल्लं, किती वाजता, किती, आणि जळजळ कधी झाली, एवढंच लिहायचं. त्या वहीने माझे बरेच समज मोडले. मी आयुष्यभर आमटीतल्या मिरचीला दोष देत होते. दुपारी खाल्लेल्या तिखट आमटीने मला काहीच होत नव्हतं. त्रास द्यायचे ते टोमॅटोचं सार, संध्याकाळचा वडापाव, चॉकलेट, आणि पहाटेचा रिकाम्या पोटचा चहा. चहा सोडलेला नाही. चारावरून दोनावर आणला, आणि पहिला आता पोह्यांनंतर घेते. कोकमाचं सार मला दुपारी छान पचतं, माझ्या बहिणीला अजिबात सोसत नाही. म्हणून माझी यादी कुणी उतरवून घेऊ नये. तुमची वही तुम्हीच लिहा.

दुधाचं मात्र सगळ्यांना सांगते. रात्री गार दूध घे, हा आमच्या आईचा उपाय. प्यायल्यावर पहिला अर्धा तास खरंच थंड वाटतं. पण दुधातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमने जठर आणखी आम्ल सोडतं, शिवाय झोपायच्या तोंडावर पोट पुन्हा भरतं. माझ्या वहीत दुधाच्या रात्री आणि दीड वाजता जाग येण्याच्या रात्री बरोबर जुळत होत्या.

आणि संकष्टी. हे लिहायला मला जरा जड जातंय, कारण मी वीस वर्षं संकष्टी करते आणि पुढेही करणार आहे. दिवसभर साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, तळलेल्या बटाट्याच्या काचऱ्या, वर चहा. मग चंद्रोदय. कधी साडेआठला, कधी दहाच्याही पुढे. त्यानंतर पूर्ण स्वयंपाकाचं ताट आणि तूप घातलेले मोदक. महिन्यातली सगळ्यात वाईट रात्र तीच असायची, हे मला वही केल्यावर दिसलं. सासूबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "नैवेद्य पूर्ण दाखव. तू वरणभात आणि एक मोदक खा. बाकीचं उद्या दुपारी." आता तसंच करते. दिवसा खिचडीऐवजी वरीचे तांदूळ, ताक, केळं किंवा पपई. चंद्र उशिरा असला की त्या रात्री बारापर्यंत बसून राहते.

झोपण्याचंही शिकावं लागलं. मी तीन उशा घेऊन झोपायची. त्याने मान आणि कंबर वाकते आणि पोट उलट दाबलं जातं. उशा वाढवण्यापेक्षा पलंगाचीच डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच वर घ्यायची, म्हणजे छातीपासून पायापर्यंत सगळं अंग एका उतारावर येतं. पहिले चार दिवस आम्ही दोघंही खाली घसरत होतो. मग सवय झाली.

दुसरं म्हणजे डाव्या कुशीवर झोपायचं. जठराचा आकार असा आहे की डाव्या कुशीवर आम्ल अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली साचतं, उजव्या कुशीवर ते तोंडच त्यात बुडतं. डॉक्टरीणबाई हे समजावत होत्या आणि मला आपला वामकुक्षी शब्द आठवला. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. दुपारच्या झोपेला इतकी वर्षं आपण हा शब्द वापरतो आणि त्यातली डावी बाजू मात्र विसरून गेलोय.

वजन एकाहत्तरचं चौसष्ट झालं, वर्षभरात, चालण्याने आणि रात्रीचं कमी झाल्याने. परकराची नाडीही सैल बांधते. पोटावरचा दाब जितका कमी, तितकं वर येणं कमी.

आता गोळीबद्दल, कारण इथे खूप जणी चुकतात. मीही चुकले होते. एकदा स्वतःच्या मनाने एका दिवसात बंद केली. तिसऱ्या दिवशी अशी आग पडली की वाटलं, ही आता जन्माची. खरं कारण वेगळं होतं. गोळी बरेच दिवस घेतली की शरीर आम्ल वाढवायची तयारी करून बसतं, आणि गोळी थांबली की ते एकदम उसळतं. डेन्मार्कमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कसलाही त्रास नसलेल्या माणसांना 8 आठवडे अशी गोळी देऊन थांबवली, तर त्यातल्या 44 टक्के लोकांना आम्लाचा त्रास झाला. औषध नसलेली खोटी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण 15 टक्के होतं. हे कळल्यावर माझी भीती गेली. आधी तीन महिने जेवणाची वेळ आणि पलंग सांभाळला, मग डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे डोस निम्मा, मग एक दिवसाआड, मग बंद. काहींना ही गोळी खरोखर कायम लागते. अन्ननलिकेला जखमा असतात, कुणी रक्त पातळ करणारी औषधं किंवा रोजची वेदनाशामकं घेत असतं. माझं ऐकून त्यांनी थांबवू नये.

आणि घास अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, शौचाला डांबरासारखं काळं होत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं, तर वही नको, पथ्य नको, सरळ डॉक्टरकडे जा. छातीत दाब येऊन घाम फुटला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, तर ते पित्त समजून सोडा पीत बसू नका, त्याच क्षणी दवाखाना गाठा.

जाऊबाईंनी परवा पलंगाच्या ठोकळ्यांचं माप मागितलं होतं, ते इथेच देते. आम्ही आधी विटा लावल्या होत्या, पण पाय त्यांवरून सरकायचा. मग सुताराकडून सागवानी ठोकळे करून घेतले, सात इंच उंच, आणि वरच्या बाजूला पलंगाचा पाय बसेल अशी एक इंच खोल खाच. म्हणजे पलंग उचलला जातो सहा इंच. पायाचं माप आधी घ्या, खाच किंचित सैल ठेवायला सांगा, आणि ठोकळ्यांखाली जुन्या टायरचे तुकडे चिकटवा, फरशीवर घसरत नाहीत.