सिडनीचे आठ दिवस, बंदराच्या काठाने

सिडनीहून आल्यापासून जो भेटतो तो आधी ऑपेरा हाऊसबद्दल विचारतो आणि मी फेरीबोटींबद्दल सांगत सुटते. आठ दिवस राहून माझं मत पक्कं झालंय: या शहराचा खरा हमरस्ता म्हणजे त्याचं बंदर. मुक्काम ठरवताना प्रेक्षणीय स्थळं किती जवळ आहेत हे नंतर बघा. आधी फेरीचा धक्का आणि रेल्वे स्टेशन चालत किती मिनिटांवर आहे ते बघा.

हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. मी, नवरा आणि सत्तरीची आई असे तिघं गेलो होतो. पहिले तीन दिवस जिथे राहिलो ती जागा नकाशावर शहराला अगदी लागून दिसत होती, भाडंही बरं होतं. पण स्टेशनपासून वीस मिनिटांचा चढ होता. सिडनी सपाट नाही, हे नकाशा सांगत नाही. संध्याकाळी आईचे गुडघे बोलायला लागायचे, मग टॅक्सी. भाड्यात वाचवलेलं सगळं त्यात गेलं. चौथ्या दिवशी आम्ही बंदरावरच्या हार्बर ब्रिजच्या उत्तरेला मिल्सन्स पॉइंटजवळ खोली घेतली. स्टेशन जवळ, धक्का जवळ, आणि गाडी त्या पुलावरून थेट शहरात. त्या दिवसापासून सहलीचा सूरच बदलला.

आता सुरुवातीपासून सांगते. भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाला व्हिसा लागतोच. पर्यटकांसाठीचा ६०० क्रमांकाचा प्रकार असतो, अर्ज ऑनलाइन. पासपोर्टवर काही चिकटवून मिळत नाही, मंजुरीचं पत्र ईमेलवर येतं. त्याची छापील प्रत सोबत ठेवा. ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर प्रवास विमा टाळू नका, तिथले डॉक्टर महाग आहेत. औषधं मूळ वेष्टणात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या.

ऋतू उलटे आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, जून ते ऑगस्ट हिवाळा. आम्ही दिवाळी आटोपून नोव्हेंबरात गेलो. हवा सुरेख, दिवस मोठा, आणि मिल्सन्स पॉइंटशेजारच्या किरिबिलीतल्या मॅकडूगल स्ट्रीटवर नीलमोहर असा फुललेला की दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींत मिसळून जांभळं छतच झालं होतं, खाली रस्ताही जांभळा. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत जाणार असाल तर एक सकाळ यासाठी ठेवा. शक्यतो लवकर जा, नंतर फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते.

दिवाळीनंतर निघालो म्हणजे फराळ आलाच. ऑस्ट्रेलियाचे खाद्यपदार्थांबाबतचे नियम फार कडक आहेत. विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याचं काही आहे का, असा प्रश्न असतो. आई म्हणाली, "अगं, घरचं आहे, विकायला थोडंच नेतोय?" मी म्हटलं, "आई, घरचं असलं तरी तू 'हो'वरच खूण कर." उतरल्यावर अधिकाऱ्यांनी डबे उघडायला लावले. साजूक तुपातले लाडू आणि खव्याच्या करंज्या ठेवून घेतल्या, चकल्या परत दिल्या. आई त्या लाडवांकडे ज्या नजरेनं बघत होती ती मला अजून आठवते. पण दंड नाही, बोलणी नाहीत, दहा मिनिटांत मोकळे झालो. हीच वस्तू लपवून नेली आणि सापडली, तर मोठा दंड होतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. तेव्हा दुधातुपाचे पदार्थ, बिया, कढीपत्ता घरीच ठेवा आणि जे न्याल ते जाहीर करा.

सिडनीच्या विमानतळावर रात्री ११ ते पहाटे ६ विमानांना बंदी असते, त्यामुळे बरीच विमानं सहानंतर एकापाठोपाठ उतरतात. तपासणीच्या रांगेला वेळ धरा. हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दुपारीच मिळते. सामान तिथे ठेवायला सांगून सरळ बाहेर पडा. विमानतळावरून रेल्वेनं शहर गाठायला फार वेळ लागत नाही, मात्र विमानतळ स्टेशनचं वेगळं शुल्क आहे, माणशी १७-१८ डॉलरच्या आसपास. सामान कमी असेल तर ४२० क्रमांकाच्या बसनं जवळच्या मॅस्कॉट स्टेशनपर्यंत जाऊन तिथून गाडी धरता येते, तिथे हे शुल्क नाही. आम्ही आईमुळे ते भरलं.

रेल्वे, बस, ट्राम, फेरी सगळ्याला एकच ओपल कार्ड चालतं. साधं काँटॅक्टलेस बँक कार्डही चालतं, पण प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड हवं, आणि चढताना जे टेकवलं तेच उतरताना टेकवायचं. दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे. सोमवार ते गुरुवार ती जास्त, शुक्रवार ते रविवार जवळजवळ निम्मी. लांबचे प्रवास त्या तीन दिवसांत घाला. शनिवार-रविवारी मात्र रुळांच्या दुरुस्तीसाठी कधीकधी गाड्या बंद ठेवून बस सोडतात. म्हणून ब्लू माउंटन्स या शहराबाहेरच्या डोंगराळ भागात आम्ही शुक्रवारी गेलो. सेंट्रल स्टेशनवरून तिथलं काटूम्बा गाव दोन तासांवर. थ्री सिस्टर्सचे सुळके बघायला सकाळी लवकर पोचा, वर गारठा असतो, स्वेटर न्या.

आता ऑपेरा हाऊस. डेन्मार्कच्या यॉर्न उत्झननं १९५७ मध्ये त्याची स्पर्धा जिंकली. वाद होऊन १९६६ मध्ये तो काम सोडून गेला. १९७३ मध्ये इमारतीचं उद्घाटन झालं, पण पूर्ण झालेली इमारत त्यानं कधीच पाहिली नाही. हे वाचून गेले होते म्हणून असेल, पायऱ्या चढून जवळ गेल्यावर मी बराच वेळ नुसता फरशांवर हात ठेवून उभी राहिले. लांबून पांढरंशुभ्र दिसणारं ते छप्पर पांढरं नाहीच. काही फरशा चकचकीत पांढऱ्या, काही मंद सायीच्या रंगाच्या, आणि त्यांची तिरकी नक्षी पार वर टोकापर्यंत जाते. दहा लाखांहून जास्त फरशा आहेत. लांबून फोटो काढून परतू नका, अगदी हात लागेल इतक्या जवळ जा. आणि तिथे उघड्यावर खात असाल तर सीगल पक्ष्यांपासून ताट सांभाळा.

हार्बर ब्रिज १९३२ चा. कमानीवर चढायचे पैसे बरेच पडतात. पूर्वेच्या बाजूची पायवाट फुकट आहे. आमचा सल्ला: रेल्वेनं मिल्सन्स पॉइंटला उतरा आणि शहराच्या दिशेनं चाला, म्हणजे ऑपेरा हाऊस पूर्ण वेळ डाव्या हाताला समोर राहतं.

बाँडायच्या समुद्रकिनाऱ्यावर पोहायचं असेल तर फक्त लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे. माझा नवरा चांगला पोहतो, तरी तो झेंड्यांच्या जरा पलीकडे सरकला आणि काही क्षणांत आत ओढला जाऊ लागला. जीवरक्षकांनी शिट्टी मारून, खुणा करून त्याला बाजूनं बाहेर काढलं. वरून पाणी शांत दिसत होतं, आणि खाली ओढ होती. पाण्याचा अंदाज येतो असं ज्यांना वाटतं त्यांनीही झेंडे मानावेत. वाळूत निळसर फुग्यासारखे ब्लूबॉटल हे डंख मारणारे समुद्री जीव दिसले तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका, फार झोंबतात. ऊन ढगाळ दिवशीही भाजतं, तेव्हा टोपी आणि सनस्क्रीन रोज हवंच.

बाँडाय ते कूजी हा कड्याकाठचा सहा किलोमीटरचा रस्ता पायऱ्यापायऱ्यांचा आहे. आई वाटेतल्या ब्राँटेपर्यंत आली, पुढे आम्ही बसनं कूजी गाठलं. तिथे खडकात मॅकायव्हर्स बाथ्स आहे, समुद्राचंच पाणी आत येणारा तलाव, फक्त बायका आणि लहान मुलांसाठी. प्रवेश अगदी थोडक्या पैशांत. आईनं साडी पोटरीपर्यंत खोचली, काठावर बसून पाय पाण्यात सोडले आणि तासभर हलली नाही. शेजारची एक म्हातारी बाई तिच्याकडे बघून हसली, आईही हसली. भाषा नव्हती दोघींना, तरी चाललं होतं त्यांचं. बायकांनी इथे वेळ काढाच.

खाण्याचं थोडक्यात: नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका. रविवारी बऱ्याच हॉटेलांत बिलावर जादा आकार असतो. टिप द्यावीच असं नाही. रात्री स्वयंपाकघरं लवकर बंद होतात. घरच्या चवीची आठवण झाली तर पॅरामाटाजवळ हॅरिस पार्क आहे, तिथे भारतीय खाणावळी ओळीनं लागतात. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, फक्त पिनांचा अडॅप्टर लागतो.

आणि बंदराच्या तोंडाजवळच्या मॅनली उपनगराची फेरी. सर्क्युलर की या शहरातल्या मुख्य फेरी-स्थानकाच्या ३ क्रमांकाच्या धक्क्यावरून सुटणारी एफ-१ म्हणजे सरकारी मोठी हिरवी-पिवळी बोट, अर्ध्या तासाचा प्रवास. खासगी वेगवान फेरीही आहे, पण घाई कशाला? जाताना उजवीकडे बाहेरच्या बाकावर बसा. सुटल्या सुटल्या ऑपेरा हाऊस, आणि पुढे दोन डोंगरकड्यांमधून उघडा पॅसिफिक. तिथे महासागराच्या लाटा बंदरात शिरतात आणि बोट चांगलीच हलते. आईनं माझा दंड घट्ट धरला होता, लाट ओसरली तरी सोडला नाही. येताना डावीकडे बसा आणि वेळ सूर्यास्ताची धरा. नोव्हेंबरात तो साडेसातच्या सुमारास होतो.

शेवटच्या संध्याकाळी कुठे जायचंय असं आम्ही आईला विचारलं, तर ती म्हणाली, "त्या हलणाऱ्या बोटीतूनच एकदा जाऊन येऊ." गेलो. या वेळी तिनं दंड धरला नाही, कठड्याला दोन्ही हात टेकून उभी राहिली.